चिकटवलेली जमीन

“किती वर्षांसाठी बघताय, मॅडम?” दुकानदारानं सहज विचारलं. राजनंदिनीच्या हातात जमिनीवर बसवायची विनायलची, सागवानी रेघांची पट्टी होती. त्या रेघा नुसत्या छापलेल्या नव्हत्या, बोटाला लागत होत्या, आणि ती त्या चाचपत होती. प्रश्न ऐकला तसं तिचं बोट थांबलं. बाहेर भिगवण रोडवर उसाच्या रिकाम्या ट्रॉल्या खडखडत चालल्या होत्या, त्यांचा आवाज जाईपर्यंत दुकानदार गप्प राहिला, आणि मग त्याला वाटलं की तिला प्रश्न ऐकू आला नसावा. त्यानं परत समजावून सांगितलं. अविराज त्याचं नाव, नम्र माणूस, गिऱ्हाइकाला चहा विचारणारा. “दोन प्रकार हायत. एक गोंदानं चिकटवायचं. बसलं की बसलं, पुन्हा काढायचं म्हटलं तर खरवडून काढावं लागतं, आणि काढलेलं फेकून द्यायचं. दुसरं क्लिकचं. पट्टीत पट्टी अडकते, खाली कशालाच चिकटत न्हाय, नुसतं वर पसरून राहतं. नको वाटलं त्या दिवशी उचलायचं आणि दुसरीकडं न्यायचं. म्हणून विचारलं, किती वर्षं राहायचंय त्या घरात?” घर स्वतःचं आहे, असं ती म्हणाली. “मग सोपं हाय की.” सोपं नव्हतं. “घरात व्हीलचेअर आहे,” ती म्हणाली, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते आलं, जे सगळ्यांच्याच चेहऱ्यावर येतं आणि घाईघाईनं पुसलं जातं. “सासरे का?” “नाही. मिस्टर.”

मग तो हळू आवाजात बोलायला लागला, जसं आजाऱ्याच्या खोलीत बोलतात. खुर्ची रोज फिरणार असेल तर चिकटवायचंच बरं, कारण क्लिकचे सांधे चाकाखाली उचकटतात. पण घर पिंपळीला, कालव्याच्या बाजूला असेल तर जमिनीला ओल असते, आणि ओलीवर गोंद धरत नाही. म्हणून आधी ओल बघायला लागेल. “आणि थोड्या दिवसांचाच प्रश्न असंल, म्हंजी पेशंट बरा होणार असंल, तर क्लिकचंच घ्या. कशाला जन्माचं चिकटवून ठेवायचं?” नमुन्याचे दोन तुकडे त्यानं पिशवीत घालून दिले. ती वडापच्या जीपमध्ये बसली, मांडीवर पिशवी, आणि पिंपळी येईपर्यंत तिच्या डोक्यात बाकी काहीच नव्हतं, फक्त तो प्रश्न होता. दीड वर्षात डॉक्टरांनी, फिजिओथेरपीवाल्यांनी, नातेवाइकांनी, भेटायला येऊन केळी ठेवून जाणाऱ्यांनी, कुणीच तिला हे विचारलं नव्हतं. कसं झालं, एवढंच सगळे विचारायचे. कसं झालं हे सांगायला सोपं होतं. युवराज सोलरची कामं घ्यायचा. कळंबला चुलतभावाच्या गोठ्यावर पॅनेल बसवायला चढला, आणि सिमेंटचा पत्रा पायाखाली फुटला. खाली गव्हाणीची कड होती. कमरेखालचं सगळं त्या दिवसापासून गेलं. चिमटा काढला तरी कळत नाही, चटका बसला तरी कळत नाही. सांगणाऱ्याचं एवढ्यात संपतं. ऐकणारे “बाप रे” म्हणतात. जे सांगायचं राहतं ते असं, की त्या दिवशी त्याला जायचं नव्हतं. अंगात कणकण होती. त्याची आईच म्हणाली होती, “भावकीचं काम हाय, न्हाय म्हनू नगंस.” हे घरात तिघांनाही माहीत होतं आणि दीड वर्षात एकदाही कुणी उच्चारलं नव्हतं.

फरशी बदलायची वेळ आली ती पडण्यामुळं. दुसऱ्यांदा पडण्यामुळं. घर बांधलं तेव्हा तिनंच चकचकीत टाइल्स निवडल्या होत्या, पांढऱ्या, आरशासारख्या. पाहुणे यायचे ते खाली बघून आपला चेहरा शोधायचे. पावसाळ्याच्या शेवटी एका दुपारी खुर्चीतून पलंगावर सरकताना खुर्ची मागं घसरली आणि युवराज मधल्यामध्ये जमिनीवर आला. सासूबाई एकट्या होत्या. राजनंदिनी त्यांना आत्या म्हणायची. आत्यांच्यानं तो उचलला गेला नाही. शेजारी रानात गेलेले. ती इंदापूरच्या डेअरीतून घरी आली तेव्हा तो तसाच टाइल्सवर एका कुशीवर पडलेला, उशाला आत्यांनी उशी दिलेली, आणि आत्या त्याच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसलेल्या, जणू दोघं मायलेक गप्पा मारत बसलेत. “आलीस व्हय?” तो म्हणाला होता. त्याच्या खालच्या कुशीला जखम झाली होती. जखमेचं काय चाललंय हे त्याला कळायचा प्रश्नच नव्हता, ती चिघळली, दवाखाना झाला, आणि डॉक्टर म्हणाले, आधी ती फरशी बदला. पण तिला आठवत राहिलं ते वेगळंच. दारातून तो तसा पडलेला दिसला, तेव्हा तिच्या मनात सगळ्यात आधी काय आलं होतं? मेला, असं आलं होतं. आणि त्या शब्दाबरोबर छातीत जे झालं, ते दुःख नव्हतं. ते काय होतं हे ती बघायला गेली नाही. पळत जाऊन त्याच्या काखेत हात घातले. आता वडापमध्ये, ऊस आणि डिझेलच्या वासात, ते परत वर आलं, आणि तिला कळलं की त्या दिवसापासून ती ते दाबून धरून होती.

डेअरीत तिचं काम दूध तपासायचं. फॅट किती, पाणी किती, युरिया घातलाय का. तिच्या आकड्यावरून शेतकरी भांडून पाहायचे, पण खोटा म्हणत नसत. गेल्या महिन्यात साहेबांनी बोलावून सांगितलं होतं, सांगोल्याला नवा प्लांट होतोय, तिथं राहून लॅब तुम्ही सांभाळाल का. घरी येऊन तिनं ते हसत सांगितलं होतं, म्हणजे कसं सांगतात तसं, काय लोकांच्या डोक्यात येतं बघा. युवराजही हसला होता. साहेबांना मात्र तिनं नाही म्हटलं नव्हतं, विचार करते म्हटलं होतं. एक खोली, एक गॅस, संध्याकाळी कुणाची वाट न बघणारं दार. ती यापलीकडं जाऊन काही कल्पना करत नसे. दुसरा पुरुष, दुसरा संसार, असलं काही नव्हतंच. मूलही नव्हतं, पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी म्हणत राहिलं होतं. नुसतं एक असं घर, जिथं कुणाला उचलायचं नाही.

घरी आल्यावर तिनं दोन्ही तुकडे टीपॉयवर ठेवले आणि दुकानदारानं सांगितलं तसं सांगितलं. आत्या मेथी निवडत होत्या. त्यांनी क्लिकचा तुकडा उचलला, खाच बघितली, दुसऱ्यात अडकवून पाहायचा प्रयत्न केला. “हेच घ्या,” त्या म्हणाल्या. “पोरगं उठून चालाय लागलं की काढून टाकू. माझ्या माहेरी शेळगावला एकजण दोन वर्सं आथरुनावर हुता, आता बुलेट चालवतोय.” शेळगावचा तो माणूस राजनंदिनीनं शंभरदा ऐकला होता. त्याला काय झालं होतं हे आत्यांना कधीच नीट सांगता यायचं नाही. “मलाही क्लिकचंच बरं वाटतं,” राजनंदिनी म्हणाली. “आपल्याकडं ओल आहे ना. गोंद धरायचा नाही.” म्हणाली, आणि स्वतःचा आवाज तिला अनोळखी वाटला, फार तयार, फार गुळगुळीत. सासू-सुनेचं दीड वर्षात पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकमत झालं होतं. एकीला फरशी काढून टाकायची होती ती तो उठेल म्हणून. दुसरीला का काढता यायला हवी होती?

युवराजनं दोन्ही तुकड्यांना हात लावला नाही. खिडकीकडं बघत होता. “चिकटवायचं घे,” तो म्हणाला.

“म्हंजी?” आत्या म्हणाल्या.

“म्हंजी मी हितंच बसणार हाय, आई. खुर्चीत. कायमचा. चाकाखाली टिकंल ते घ्या.”

आत्यांचे हात मेथीच्या काडीवर तसेच राहिले. मग त्या उठल्या, मागच्या दारी गेल्या आणि घासलेली भांडी परत घासायला लागल्या. राखेचा तो खरखर आवाज बराच वेळ येत राहिला. राजनंदिनीला त्याच्याकडं बघवेना. केवढा हा माणूस, तिला वाटलं. जे आपण तिघं दीड वर्ष तोंडाला कुलूप लावून टाळतोय ते यानं एका वाक्यात बोलून टाकलं, आणि आपण मात्र ओलीच्या आडून बोललो. तिला त्याचा धाक वाटला आणि लाज वाटली, आणि त्या लाजेच्या खाली, अगदी तळाशी, राग होता. त्यानं एवढं धीराचं असायला नको होतं. धीराच्या माणसाला सोडून जाता येत नाही.

ओल बघायची रीत साधी होती. दुकानाचा माणूस येऊन प्लॅस्टिकचा एक कागद टाइल्सच्या सांध्यांवर चारी बाजूंनी चिकटपट्टीनं पक्का बसवून गेला. रात्रभर राहू द्या म्हणाला, खाली थेंब धरले तर गोंद चालणार नाही. सकाळी दोघं उठायच्या आत ती पुढच्या खोलीत गेली, गुडघ्यांवर बसली आणि कागदाच्या अगदी जवळ तोंड नेलं. कालवा भरून वाहत होता. भिंतीला एका कोपऱ्यात पोपडे धरले होते. थेंब असणारच अशी तिला खात्री होती. कागदाखाली काही नव्हतं. तिनं दिवा लावला, तिरकं बघितलं, कागदावरून बोट फिरवलं. कोरडं. शाळेतली पोरं निकालाच्या फळ्यावर आपलं नाव परत परत शोधतात तशी ती थेंब शोधत राहिली. एक चिकटपट्टी उचलून आत ओलं बोट फिरवावं, असं तिच्या मनात आलं, आणि खरं म्हणजे नुसतं आलं नाही, नख चिकटपट्टीच्या कडेखाली गेलं होतं. इतकी वर्षं लोकांच्या दुधातलं पाणी पकडणारी बाई. आतून युवराजनं हाक मारली, “उठलीस व्हय?” तिनं नख काढून घेतलं. “कोरडंय,” ती मोठ्यानं म्हणाली. “बरं झालं,” आतून आवाज आला.

गोंदाच्या वासात पेशंटला ठेवू नका असं सांगितल्यामुळं युवराजला आणि आत्यांना कळंबला पोचवलं, मानसिंगकडं, म्हणजे त्याच चुलतभावाकडं. दुसरीकडं जमिनीलगत दार असलेलं घर नव्हतं. गोठा तिथंच होता. नवे पत्रे घातलेले होते. मानसिंगनं युवराजला गाडीतून उचलून घेतलं आणि त्या वेळी तो रडला, दर वेळी रडायचा. राजनंदिनी डेअरीचं निमित्त सांगून परत आली. कामगारांनी टाइल्सच्या सांध्यांत पुट्टी भरली, घासली, गोंद दाते असलेल्या थापीनं पसरला; शेताच्या सरीसारख्या बारीक रेघा खोलीभर उमटल्या. पट्टीवर पट्टी बसत गेली. वरून जड लोखंडी रूळ फिरला. ते गेले आणि घर तिच्या एकटीचं झालं. सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून तिनं कालची भाकरी आणि दही खाल्लं, ताट न घेता. संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसली आणि किती तरी वेळानं तिच्या लक्षात आलं, की आपण कशाकडं कान लावून बसलेलो नाही. कुणी हाक मारणार नव्हतं. कुणाची कूस बदलायची नव्हती, लघवीची पिशवी रिकामी करायची नव्हती. ती पलंगावर आडवी तिडवी झोपली, आणि सकाळी जाग आली ती उन्हानं. लग्नाआधी आईकडं अशी जाग यायची. गोंदाच्या उग्र वासानं डोकं जड झालं होतं, पण ती सुखात होती. हे सुख आहे हे तिला स्पष्ट कळत होतं, आणि नवरा अपंग झाल्यापासूनची ही पहिली चांगली सकाळ त्याच्याशिवायची आहे हेही कळत होतं. तिनं साहेबांना फोन लावला. “सांगोल्याचं मी घेते,” ती म्हणाली. साहेब खूश झाले. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून, म्हणाले. घरी जमेल ना, म्हणाले. जमेल, म्हणाली.

वास गेल्यावर ती जंक्शनच्या फाट्यावर उतरून कळंबला गेली. आत्यांनी आपली पिशवी भरलीच नव्हती. ओसरीत बसल्या होत्या, पदर डोक्यावरून पुढं ओढलेला. “तुमी जावा,” त्या म्हणाल्या. “मी हितंच ऱ्हाते.”

“आत्या, असं काय करता? त्यांच्याजवळ दिवसा कोण?”

“त्या फरशीवर माझं पोरगं कवा हुबं ऱ्हानार न्हाय, असं तुमी दोघांनी ठरवलं. मी त्या फरशीवर पाय ठिवायची न्हाय.” आणि मग खूप हळू, जवळजवळ स्वतःशीच, “मीच धाडलं त्याला. तो उठला असता तर फिटलं असतं.” राजनंदिनी त्यांच्याकडं बघत राहिली. दीड वर्ष न उच्चारलेलं ते वाक्य असं ओसरीवर, शेणाच्या वासात, कुणी न विचारता येऊन पडलं. तिला त्यांच्या हातावर हात ठेवता आला असता. ठेवला नाही. युवराज गाडीत बसून होता, त्यानं आईकडं बघितलं आणि काच वर केली.

घरी आल्यावर त्यानं खुर्ची पुढच्या खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत नेली, वळवली, परत आणली. चांगली चालली. “चांगली हाय,” तो म्हणाला. दुपार होती, नव्या जमिनीवर ऊन पडलं होतं आणि ती खरंच लाकडासारखी दिसत होती. राजनंदिनी सामानाच्या पिशव्या रिकाम्या करत होती. आता बोलायला हवं होतं. उद्यापासून दिवसा कोण, हा प्रश्न उभाच होता आणि त्यामागं दुसरा. तिनं सुरुवात लांबून केली. त्या दिवशी तुम्ही आत्यांना जे बोललात, ती म्हणाली, त्याला फार धीर लागतो. माझ्यात नव्हता.

तो हसला. चांगलं हसणं नव्हतं. “धीर कसला, नंदिनी? भ्यालो हुतो.”

“कशाला?”

“तू क्लिकचं म्हणालीस तवा तुझा आवाज न्यारा लागला. सांगोल्याचं सांगितलंस त्या दिवशी लागला तसा. म्हटलं, ही निघाली.” तो आपल्या तळव्यांकडं बघत होता; चाकं ढकलून त्यांना घट्टे पडले होते. “म्हटलं, घरात एकतरी गोष्ट अशी करून ठिवावी की उचलता येणार न्हाय. येड्यावानी विचार हाय. फरशीनं काय माणूस धरून ठिवता येतं व्हय? पण त्या टायमाला तेवढंच हाताशी हुतं. आईचं काळीज मोडलं त्यापायी. ते मला बोलताना दिसत हुतं, तरी बोललो.”

ती पिशवीत हात घालून तशीच उभी राहिली. इतके दिवस तिला ज्याच्यापुढं लाज वाटत होती तो धीराचा माणूस नव्हताच तर. तिच्यासारखाच एक होता, आडून बोलणारा. तिला हलकं वाटायला हवं होतं. “मी साहेबांना हो म्हणून सांगितलंय,” ती म्हणाली. “एक तारखेपासून.”

बाहेर कुणाच्या तरी पाण्याच्या मोटारीचा पट्टा फटफटत होता. “बरं,” तो म्हणाला. मग खुर्ची पलंगाशी नेली, ब्रेक लावले. “तू लांब उभी ऱ्हा.”

“काय करताय?”

“लांब ऱ्हा म्हटलं ना. आई न्हाय, तू न्हाय, मग मलाच करायचंय न्हवं?” त्यानं एक हात गादीवर रोवला, एक खुर्चीच्या हाताला. दंड थरथरायला लागले. ती भिंतीला टेकून उभी राहिली, हात पाठीमागं, एकमेकांत घट्ट धरलेले. तो उठला, लोंबकळला, मानेच्या शिरा फुगल्या, आणि एका झटक्यात धड पलंगावर पडलं. पाय खालीच राहिले. श्वास घेत तो तसाच पडला, मग पायजम्याचं कापड मुठीत धरून एक पाय वर ओढला. दुसरा ओढला, तो पलंगाच्या लोखंडी कडेवर अडकला. त्यानं जोर लावला. पाय खरवडत वर आला. तो पाठीवर पडला, घामानं निथळत, छताकडं बघत, आणि त्याच्या तोंडावर लग्नातल्या फोटोतलं हसू होतं. “बघ,” तो धापा टाकत म्हणाला. “जमतंय की. आं? जमतंय. तू जा खुशाल.”

टाच चिरली होती. लोखंडाच्या कडेला कातडीची एक पट्टी लागून राहिली होती, आणि रक्त चादरीवरून घसरून खाली नव्या जमिनीवर पडत होतं. त्याला त्यातलं काहीच कळलं नव्हतं. तो हसत होता. राजनंदिनी गेली, पलंगाच्या पायथ्याशी खाली बसली, ओढणीचं टोक गोळा करून टाचेवर दाबलं आणि वरून दोन्ही हातांनी पाऊल आवळून धरलं.

“काय करतीयस?” त्यानं मान न उचलता विचारलं.

“काही नाही,” ती म्हणाली. “चादर नीट करते.”

तो पुढं बोलत राहिला, दारं थोडी रुंद करून घेऊ, ओट्याची उंची कमी करू, बाकी मी बघतो. ती हं म्हणत राहिली. ओढणी भिजत गेली. तिनं अजून जोरात आवळलं, बोटं पांढरी पडेपर्यंत, आणि तिच्या हातात त्याचं पाऊल आहे हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.